जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा जीर्णोद्धार

मोटारीच्या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल. ज्यानें सारा जन्म व्याकरण आणि अंकगणित शिकविण्यांत घालविला, त्याला स्प्रिंगा आणि सायलेन्सर यांची काय माहिती, असाही प्रश्न कोणी विचारील. त्यावर माझें उत्तर एवढेंच कीं, वर्षानुवर्षें पडून राहिलेली आणि मध्यंतरीं अनेक हातांनीं बदललेली गाडी पुन्हां रस्त्यावर आणणें हें काम जितकें पान्याचें आहे, तितकेंच वाचनाचें आहे. मूळ काय होतें, कोणी काय काढलें आणि कोणी पदरचें काय घातलें, हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या हातून दुरुस्ती होत नाहीं. पूर्वीच्या बिघाडांत आणखी एकाची भर तेवढी पडते. हें वाचन कसें करावें आणि त्याप्रमाणें घरच्या घरीं काम कोणत्या क्रमानें करावें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय तें पाहूं. कुटुंबाची मोटार माणसें आणि सामान वाहून नेण्यासाठीं असते. स्पोर्ट्स मोटार चालविण्याच्या आनंदासाठीं असते. बहुधा दोनच आसनें, जमिनीलगतचें अंग, काढून ठेवतां येणारें छप्पर आणि वजन कमी, हीं तिचीं लक्षणें. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि कित्येक दशकें आपल्या रस्त्यांवर मुख्यतः मुंबईच्या कुर्ल्यांत तयार होणारी फियाट आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसिडर याच गाड्या दिसत. या दोन्ही गृहस्थी गाड्या. ज्यांना वेगाची हौस होती, ते याच गाड्यांचीं इंजिनें उघडून, वजन उतरवून, मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतींस नेत. म्हणजे गाडींत फेरफार करणें ही आपल्याकडे केवळ चैन नव्हती. वेगाची हौस भागविण्याचा बराच काळ तोच एक मार्ग होता.

पुढें १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यांत सॅन मोटर्स या कंपनीनें ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनी उघडी मोटार तयार केली. तिचें अंग पत्र्याचें नव्हे, तर कांचतंतूंचें, म्हणजे बाजारांत ज्याला फायबर म्हणतात त्याचें. आणि इंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचें, ११४९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. आपल्या महाराष्ट्रांत अलिबागेकडे चिंकारा मोटर्सनें जुन्या इंग्रजी लोटस सेव्हन गाडीच्या धर्तीवर फायबरचीच एक उघडी गाडी बनविली. दोन्ही गाड्या थोड्या संख्येनें निघाल्या. सॅन स्टॉर्मचें उत्पादन थांबूनही आतां बरींच वर्षें झालीं. त्यामुळें यांतली एखादी गाडी भंगारांत गेली, तर तिच्या जागीं दुसरी येणार नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

अशी एक सॅन स्टॉर्म आमच्या करमाडास आहे. माझा एक जुना विद्यार्थी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ अकालीं गेला आणि गाडी आठ वर्षें ताडपत्रीखालीं उभी राहिली. थोरल्यानें हौसेनें तिच्यांत पुष्कळ बदल केले होते. स्प्रिंगा कापून गाडी खालीं बसविली होती, रुंद व मोठीं चाकें घातलीं होतीं, सायलेन्सर काढून उघडी नळी लावली होती, मोठे दिवे व भोंगे जोडले होते, आणि गियरच्या दांड्यास स्वतः लेथवर कातलेली शिसवी मूठ बसविली होती. धाकट्याच्या मनांत गाडी कारखान्यांतून निघाली तशी करावी, आणि आपल्या लहान मुलीस शेजारीं बसवून न्यावी. आईचें म्हणणें निराळें. ती मला म्हणाली, “गुरुजी, त्यानं जशी केली होती तशीच राहू द्या गाडी.” आतां या दोघांत खरी गाडी कोणाची? कारखान्याची कीं भावाची? जीर्णोद्धाराचें काम हातीं घेणाऱ्या प्रत्येकास हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपानें सोडवावाच लागतो.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक जुनी रीत आमच्याच जिल्ह्यांत सांपडते. पैठणच्या एकनाथमहाराजांच्या काळीं ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत तीन शतकांच्या नकलांमुळें नाना पाठ शिरले होते. कोणी लेखनिक चुकला होता, कोणी अर्थ सोपा केला होता, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनीं अनेक प्रती जुळवून शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनीं ग्रंथ नव्यानें लिहिला नाहीं, कीं आपल्या रुचीप्रमाणें सजविला नाहीं. मूळ कोणतें आणि भर कोणती, एवढें वेगळें केलें. मोटारीपुढें उभ्या राहणाऱ्यानें हीच वृत्ति ठेवावी. गाडीवरील प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावेत. ही कारखान्याची आहे काय? नसल्यास कोणा कारागिरानें अडचणींत केलेली दुरुस्ती आहे काय? तीही नसल्यास हौसेचा बदल आहे काय? या तिहींचे तीन निराळे रकाने वहींत आंखावेत, आणि ते भरेपर्यंत पान्यास हात लावूं नये.

वहीच्या आधीं मात्र कागदपत्रें पाहिलीं पाहिजेत. पुष्कळ तरुण आधीं इंजिन उतरवितात आणि वर्षानें कळतें कीं, गाडी आपल्या नांवावर होणेंच कठीण. नोंदणीपुस्तकांतील चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं अक्षरशः पडताळावा. मालक दिवंगत असेल तर वारसाच्या नांवें हस्तांतर करून घ्यावें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम फेरफारांविषयीं आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. नोंदणीपत्रांत असलेल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलांशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. तेव्हां इंजिन बदलावयाचें झालें तर नोंदणी-अधिकाऱ्याची परवानगी आधीं घ्यावी, आणि रंग बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें निराळे नियम केले. त्यांना नंबरपट्टीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें मिळतात. पण चेसिस, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सॅन स्टॉर्मला ती पन्नाशी गांठावयास अजून पुष्कळ अवकाश आहे. परंतु या अटीवरून एक बोध घ्यावा. आज जपलेलें मूळपण उद्यां कायद्याच्या दृष्टीनेंही मोलाचें ठरतें.

कागद जुळले म्हणजे नोंदीस लागावें. पूर्वीं यास चित्रकाराची गरज पडली असती. आतां घरोघरीं कॅमेऱ्याचे दूरध्वनी आहेत. गाडीचीं चारी बाजूंनीं, खालून, आंतून छायाचित्रें घ्यावींत. कोणताही भाग सोडविण्यापूर्वीं एक आणि सोडविल्यावर एक. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवींत घालून तिच्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहींत लिहावा. तारांच्या दोन्ही टोकांस कापडी चिकटपट्टीचे तुकडे लावून नांवें द्यावींत. घरगुती काम रविवारीं होतें आणि मध्यें सणवार, लग्नकार्यें, परीक्षा येतात. तीन महिन्यांनीं पुन्हां शेडांत गेल्यावर ‘हा बोल्ट कोठला’ हें कोणाच्याही स्मरणांत राहत नाहीं. अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या पैशाअभावीं जितक्या पडून राहतात, तितक्याच या विस्मरणामुळें पडून राहतात.

खर्चाविषयींही येथेंच बोलतों. घरांत आधीं स्पष्ट ठरवावें कीं महिन्याला किती रक्कम या कामास द्यावयाची, आणि ती घरखर्चाच्या मागून यावी, पुढून नव्हे. पहिला अंदाज जितका निघेल त्याच्या दीडपट धरून चालावें. कारण जुन्या गाडींत एक भाग उघडला कीं त्याच्या मागचे दोन दिसूं लागतात. आमच्या भागास एक अनुकूलता मात्र आहे. वाळूजला १९८५ सालीं बजाजचा आणि शेंद्र्यास २००१ सालीं स्कोडाचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या आधारानें छत्रपती संभाजीनगरच्या परिसरांत लेथ चालविणारे, वेल्डिंग करणारे, रबर ओतणारे शेंकडों कुशल हात तयार झाले. जी पितळी बूच किंवा रबरी चकती बाजारांत मिळत नाहीं, ती नमुना दाखवून येथें करून मिळते. इंजिन रेनोचें असून तशींच इंजिनें युरोपांत क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांना होतीं. त्यामुळें त्याचे भाग परदेशांतून मागवितां येतात.

आतां प्रत्यक्ष काम. पहिला नियम जिवाचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, जाऊं नये. जॅक गाडी उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. सपाट, टणक जमिनीवर लोखंडी घोड्या लावाव्यात, चाकांस अडणी द्यावी आणि गाडी हातानें हलवून पाहावी. मगच खालीं शिरावें. बॅटरीची ऋण तार आधीं सोडवावी. टाकींतलें शिळें पेट्रोल उघड्या जागीं, विस्तवापासून दूर काढावें. लहान मुलांस शेडांत एकटें सोडूं नये.

गाडी उघडल्यावर रंगाकडे पाहूं नये, सांगाड्याकडे पाहावें. फायबरच्या गाडीचा हा फसवा गुण आहे कीं अंग कधीं गंजत नाहीं, म्हणून आंतलें पोलादही धड असेल असें वाटतें. गोव्याच्या दमट हवेंत आणि पुढें पावसाळ्यांत ताडपत्रीखालीं कोंडलेल्या ओलींत पोलाद आंतल्या आंत खपतें. गंज मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो, म्हणून सांध्यांत तो शिरला कीं पत्रे एकमेकांपासून फांकतात. सांगाड्यावर हलक्या हातोडीनें ठोकत जावें. धड पोलाद खणखणतें, कुजलेलें भद्द वाजतें. जेथें शंका येईल तेथें टोचून पाहावें. भार वाहणाऱ्या भागाचें वेल्डिंग मात्र शिकाऊ हातानें करूं नये. तें अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावें.

लहान भागांचा गंज घरीं काढण्याची एक सोपी शास्त्रीय रीत आहे. प्लास्टिकच्या बादलींत पाणी घेऊन त्यांत धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी भरण्याच्या यंत्राच्या ऋण टोकास आणि एक साधा लोखंडी पत्रा धन टोकास जोडून, एकमेकांस न लागतील असे दोन्ही पाण्यांत सोडावे. कांहीं तासांत गंज सैल होऊन ब्रशानें निघतो आणि खालचें लोखंड शाबूत राहतें. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो, म्हणून ती मोकळ्या हवेंतच करावी आणि जवळ ठिणगी पडूं देऊं नये. पत्रा स्टेनलेस स्टीलचा वापरूं नये. त्यांतील क्रोमियमपासून विषारी द्रव्यें तयार होतात.

फायबरच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्यांवर लांबी भरून रंग मारला तर एका उन्हाळ्यांत त्या पुन्हां उमटतात; आमच्या मराठवाड्याच्या उन्हांत तर लौकरच. भेग जेथें संपते त्याच्या पुढपर्यंत तो भाग घांसून उतरता करावा, मागून आधार द्यावा, आणि कांचतंतूंच्या चटईचे थर रेझिनमध्यें भिजवून एकावर एक बसवावेत. रेझिनमध्यें हार्डनर ठरल्या प्रमाणांतच घालावा. अधिक घातल्यास मिश्रण तापून तडकतें. घांसतांना उडणारी कांचेची धूळ फुफ्फुसांस घातक असते. तोंडास चांगला मुखवटा, डोळ्यांस चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय हें काम करूं नये.

आतां हौसेच्या बदलांकडे वळूं. कोणताही बदल ‘वाईट’ म्हणून फेंकूं नये आणि ‘भावाचा’ म्हणून ठेवूंही नये. तो गाडीचें काय करतो, हें आधीं समजून घ्यावें.

स्प्रिंगचें पाहा. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती नुसती आंखूड होत नाहीं, कडकही होते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणांत असतो. सहाचे पांच झाले म्हणजे कडकपणा सहा-पंचमांश, अर्थात् एक-पंचमांशानें अधिक. शिवाय चाकाला वर जाण्यास जागा कमी उरते. खड्ड्यांतून जातांना चाक वरच्या अडणीस आदळतें, आणि तो आघात सांगाड्यास बसतो. कापलेलें टोक बैठकींत नीट बसत नाहीं, तें निसटण्याचें भय वेगळेंच. कापलेल्या स्प्रिंगला पुन्हां लांब करतां येत नाहीं. ती बदलणें हाच उपाय.

चाकांचें गणित शाळकरी मुलासही येईल. टायरचा बाहेरचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला कीं परीघही दहा टक्क्यांनीं वाढतो. वेगमापक यंत्र फेऱ्या मोजतें, परीघ मोजत नाहीं. तेव्हां कांटा साठ दाखवीत असतांना गाडी सहासष्टनें धांवत असते. चाक बाहेर सरकलें तर बेअरिंगवरील ताण वाढतो आणि वळतांना टायर अंगास घांसतो.

दिव्यांच्या तारांत धोका सर्वांत अधिक, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं. बारा व्होल्टवर साठ वॅटचा दिवा पांच अँपियर प्रवाह घेतो; शंभर वॅटचा सव्वाआठाहून थोडा अधिक. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे तीच तार जवळजवळ पावणेतीन पट तापते. त्यांतच जळणाऱ्या फ्यूजच्या जागीं कोणी जाड तार बसविली असेल, तर पुढचा फ्यूज म्हणजे सारी गाडी. आमच्या या गाडींत भोंग्यांच्या तारा तीन ठिकाणीं नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या होत्या आणि एका ठिकाणीं वरचें आवरण वितळलें होतें. विद्यार्थ्यानें ती तार आईस दाखविली. तिनें हातांत घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “ही काढ.”

सायलेन्सर हा केवळ शेजाऱ्यांच्या झोपेसाठीं असतो, असें समजूं नये. उघड्या नळीच्या सांध्यांतून निघणारा धूर गाडीच्या आंत येऊं शकतो, आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छप्पर लावून बसलेल्या माणसास तो गुंगी आणून मारूं शकतो. तेव्हां नळीचे सांधे बंद आणि सायलेन्सर जागच्या जागीं, हें प्राणरक्षणाचें काम समजावें.

इंजिनाकडे यावें तें यानंतर. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या इंजिनास किल्ली फिरवून एकदम चालवूं पाहणें म्हणजे दीर्घ आजाऱ्यास उठवून पळावयास लावणें आहे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, एक दिवस थांबावें, मग पान्यानें इंजिन हळूहळू हातानें फिरवावें. अडलें तर जोर करूं नये. या इंजिनांत झडपांचा दांडा दांतेरी रबरी पट्ट्यानें फिरतो. उभ्या गाडीचा पट्टाही वयानें म्हातारा होतो. इंजिन सुरू करण्यापूर्वींच तो बदलावा. तेल, तेलाची गाळणी आणि थंड पाणी हीं नवीं घालावींत.

पेट्रोलच्या नळ्यांविषयीं एक नवी गोष्ट सांगणें अवश्य आहे. २०२५ पासून आपल्या देशांत पंपांवर सर्वसाधारणपणें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. ज्या काळीं ही गाडी निघाली, त्या काळच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठीं केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ होतात किंवा तडकतात. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें, म्हणून उभ्या गाडीची टाकी आंतून गंजते. तेव्हां इंधनाच्या सर्व रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलला टिकणारे बसवावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असेल तर टाकींत जुनें पेट्रोल सांठवूं नये. येथें मूळ नळी जपण्याचा हट्ट धरणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय.

ब्रेकचें काम सर्वांत शेवटीं सांगतों, पण तें सर्वांत आधीं पुरें झालें पाहिजे. ब्रेकचें तेलही हवेंतील पाणी शोषतें. चार क्रमांकाच्या प्रतीचें, म्हणजे ‘डॉट फोर’ तेल नवें असतां किमान २३० अंशांस उकळतें. ठराविक पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत ब्रेक तापले कीं तेल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबण्यास चौपट अंतर लागतें, हा धडा मुलें वर्गांत पाठ करतात. त्याचा अर्थ रस्त्यावर कळूं नये, म्हणून जुनें तेल सर्व काढून नवें भरावें, रबरी नळ्या व आंतील रबरी कड्या सरसकट बदलाव्यात, आणि हें काम जाणत्या कारागिराकडून एकदां तपासून घ्यावें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. धोक्याचे सर्व बदल काढल्यावर मागें काय उरावें? येथें आमच्या जिल्ह्यांतील दुसरें एक उदाहरण उपयोगी पडेल. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनें अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठीं इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटणारे रंगलेप पक्के केले, हें त्यांचें मोठेंच काम. पण चित्रांवर जो लाखेचा थर दिला, तो कालांतरानें पिवळा व काळपट पडला आणि मूळ रंग त्याखालीं झांकोळले. पुढें पुरातत्त्व खात्यास तो थर मोठ्या जपणुकीनें उतरवावा लागला. हेतु शुद्ध होता आणि हात कुशल होते, तरी असें झालें. यावरून जो नियम निघतो तो मोटारीसही लागू आहे. जें पुढें काढतां येईल, असेंच करावें. जुन्या मोटारींच्या फीवा या जागतिक संघटनेनें २०१२ सालीं तुरीनची सनद मान्य केली. तिचा आदर्श प्राचीन वास्तूंसाठीं १९६४ सालीं झालेली व्हेनिसची सनद हा होता. गाडीच्या हयातींत झालेले फेरफार हेही तिच्या इतिहासाचे साक्षी आहेत, आणि प्रत्येक जुनी गाडी नव्यासारखी चकचकीत केलीच पाहिजे असें नाहीं, असा या सनदेचा आशय आहे.

याप्रमाणें करमाडच्या गाडीचा निवाडा झाला. ज्या बदलामुळें जीव जाईल तो काढावा. ज्यामुळें कायदा मोडेल तो काढावा. ज्यामुळें मूळ भाग नष्ट होत असेल तोही काढावा. या तिन्ही चाळण्यांतून जें खालीं उरेल, तें त्या माणसाचें म्हणून राहूं द्यावें. कापलेल्या स्प्रिंगा, रुंद चाकें, भोंगे आणि उघडी नळी हीं गेलीं. शिसवी मूठ राहिली. कारखान्याची मूळ मूठ एका डब्यांत सांपडली, ती कापडांत गुंडाळून आणि नांव लिहून डिकींत ठेवली आहे. उद्यां कोणास ती बसवावीशी वाटली तर एका मिनिटाचें काम आहे. डाव्या दाराच्या कडेस थोरल्याच्या हातून पडलेला एक ओरखडा होता. त्यानें फायबरचें बळ कमी होत नाहीं, म्हणून तोही तसाच ठेवला. धाकट्यास वाटत होतें कीं आई रागावेल. पण तिनें आसनावर बसून मुठीवर हात ठेवला आणि नातीला हांक मारली.

ज्या श्रोत्यांच्या घरीं अशी एखादी गाडी ताडपत्रीखालीं उभी असेल, त्यांनीं आरंभ कोठून करावा? उद्यांच पाना घेऊं नये. शंभर पानांची एक वही आणावी. पहिल्या पानावर चेसिस व इंजिन यांचे क्रमांक लिहावेत. पुढें तीन रकाने आंखून गाडी पायापासून माथ्यापर्यंत वाचून काढावी. काम संपल्यावर पहिल्या फेरीसाठीं गर्दीचा रस्ता निवडूं नये. मोकळ्या खासगी जागेंत वीस किलोमीटरच्या वेगानें ब्रेक पुनःपुन्हां पाहावेत, गाडी एका बाजूस ओढते काय, तेल गळतें काय, तारा तापतात काय, हें तपासावें आणि मगच तपासणीसाठीं अधिकाऱ्यापुढें न्यावी.

आणि वही फेंकूं नये. काय बदललें, कोणत्या तारखेस, कोणाकडून आणि कां, हें सर्व तिच्यांत असतें. ती गाडींतच, कागदपत्रांशेजारीं ठेवावी. गाडी माणसापेक्षां अधिक जगते. पुढें ती ज्याच्या हातीं जाईल, त्याला आपण केलेली भर आणि मूळ यांतील भेद अंदाजानें शोधावा लागूं नये, एवढी सोय करून ठेवणें हें आपल्या कामाचें शेवटचें आणि अवश्य कलम आहे.